पावाच्या डब्यातली नावं

मिसेस टॉलिव्हर यायच्या त्या आधी बुटांनी यायच्या. वाचनालयाच्या तळघरात आमची खोली होती. तिला छताला लागून एकच लांबट खिडकी, तीही बाहेरच्या फुटपाथला टेकलेली, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसत. दहाला पाच कमी असताना खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी, नाड्यांचे, लख्ख पॉलिश केलेले बूट उगवायचे. सोबत लाकडी काठी. मॅसॅच्युसेट्समधला बर्फ असो की बर्फानंतरचा चिखल, त्या बुटांवर डाग नसायचा. तो कसा नसायचा हे मला सहा वर्षांत कळलं नाही. मग तळघरात येणाऱ्या उतारावरून काठीचा ठक ठक आवाज आणि दार उघडायच्या आधीच प्रश्न: "मिसेस घाटे, हीटर कोणी वाढवला?"

हीटर मीच वाढवलेला असायचा. मी नागपूरची. उन्हाची सवय, थंडीशी उभं वैर. त्या आत यायच्या, हीटर कमी करायच्या, कोट खुंटीला लावायच्या आणि बसायच्या. त्या बसल्या की मी शाल पांघरायची. हा आमचा रोजचा सकाळचा कार्यक्रम होता.

दोन हजार दोन साली आम्ही श्रूजबरीला आलो. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथे प्रोजेक्ट मिळालं होतं. आमची लेक ऋचा पहिलीत होती. नागपुरात मी कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल होते, इथे डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही. घरात बसून भिंतींशी बोलायची पाळी आली तेव्हा बसने दोन गावं पलीकडच्या एका जुन्या वाचनालयात गेले आणि म्हटलं, फुकट काम करते, काहीही द्या. त्यांनी मला एक फॉर्म दिला आणि खाली तळघरात पाठवलं.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. समोर सत्तरीच्या आसपासची काळी बाई, पांढरे आखूड केस, साखळी लावलेला चष्मा. आपल्याकडे एवढ्या वयाच्या बाईला काय म्हणणार? मी अगदी अदबीने म्हटलं, "गुड मॉर्निंग, आंटी."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या आईला दक्षिणेत तिच्या निम्म्या वयाची गोरी पोरं आंटी म्हणून हाक मारायची. मिसेस म्हणावं लागू नये म्हणून. मी तुमची आंटी नाही. मी मिसेस टॉलिव्हर."

मी गडबडून सांगायला लागले की आमच्याकडे आंटी म्हणणं म्हणजे मान देणं.

"तुमच्याकडे असेल," त्या म्हणाल्या. "आत्ता तुम्ही माझ्याकडे आहात. तुमचं आडनाव कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, घाटे. त्यांनी 'गॉटी' म्हटलं. मी म्हटलं, चालेल. "चालेल का म्हणता? चुकलंय ना?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि दिवसभर कपाटं लावताना स्वतःशी पुटपुटत राहिल्या. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "उद्या भेटू, मिसेस घाटे." अगदी 'घ' सकट. अमेरिकेत दहा महिने काढल्यावर माझं आडनाव पहिल्यांदा कोणीतरी धड उच्चारलं होतं, आणि मला बसमध्ये उगाचच रडू आलं.

त्या फॉर्मवर 'व्यवसाय' अशी ओळ होती. मी लिहिलं होतं, डिपेंडंट. त्यांनी ते खोडरबराने पुसलं. "हे सरकारने लिहिलंय तुमच्याबद्दल. तुम्ही काय करत होता ते लिहा." मी लिहिलं, ग्रंथपाल. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि मला धूळ पुसायचं फडकं दिलं.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. पण मराठीत आठवताना त्यांचा 'यू' मला 'तुम्ही' असाच ऐकू येतो. सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ऋचा कधी सोबत आली तर तिला 'मिस घाटे' म्हणत. सहा वर्षांची पोर मिस घाटे! ती घाबरून माझ्यामागे लपायची आणि बाहेर पडल्यावर म्हणायची, "मम्मा, शी इज सो स्ट्रिक्ट." आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा यायचा हट्ट धरायची.

स्ट्रिक्ट तर होत्याच. टेलिफोन कंपनीत चौकशी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लोक फोन करून नंबर विचारायचे आणि या विचारायच्या, "शहर कोणतं? आडनाव काय?" तो आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा बसला होता. सुहासने एकदा मला न्यायला येऊन वरूनच हाक मारली तर त्याला म्हणाल्या, "कोणतं आडनाव हवंय?" तो बिचारा तेव्हापासून गाडीतच बसून राहायचा.

जेवणात रोज तेच. डब्यातले सार्डिन मासे, खारी बिस्किटं, वरून तिखट सॉस आणि थर्मासमधलं गरम पाणी. तो वास मला, शाकाहारी बाईला, सोसवत नसे, मग मी लोणच्याची बाटली उघडून ठेवायची. "तुमच्या लोणच्याचा वास येतोय," असं त्या नाक मुरडून म्हणायच्या आणि बिस्किटावर थोडं घ्यायच्या. रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायच्या. चर्चमधल्या एका गायिकेशी त्यांनी कुठल्याशा नाताळापासून अबोला धरला होता, आणि तो मोडावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. चूक कबूल करणं त्यांना जमत नसे. एकदा त्यांनीच हरवलेली फाईल त्यांच्याच पिशवीत सापडली, तर पिशवीवरच रागावल्या. कौतुक तर विचारूच नका. फार झालं तर "वाईट नाही."

आमचं काम असं. गावातल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून, घरांच्या माळ्यांवरून मिसेस टॉलिव्हरनी खोकी जमवली होती. त्यात पत्रं, फोटो आणि मुख्य म्हणजे अंत्यविधीच्या पत्रिका. त्यांच्याकडे माणूस गेलं की चार पानी पत्रिका छापतात, कोणाची लेक, कोणाची बहीण, कुठून आली, कुठे राबली, काय गायची. गावच्या छापील इतिहासात या माणसांचं नाव नव्हतं. गिरण्यांचे मालक होते, महापौर होते. ही माणसं फक्त या पत्रिकांत. एकेका माणसाचं एकेक कार्ड करायचं, हे मिसेस टॉलिव्हरनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलेलं काम.

नियम कडक होते. पेन्सिलनेच लिहायचं. दोन ठिकाणी तेच सापडलं तर शाई. आणि बाईचं कार्ड असेल तर मिस किंवा मिसेस, मग नाव, मग आडनाव. नुसतं नाव लिहायचं नाही. "नुसत्या नावाने आयुष्यभर हाका मारून झाल्यात," त्या म्हणायच्या. आडनाव सापडलं नाही तर ती ओळ रिकामी ठेवायची आणि कार्ड मोठ्या कपाटात न लावता टेबलावरच्या पावाच्या डब्यात टाकायचं. हिरव्या इनॅमलचा, कडांचे टवके उडालेला तो डबा त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातला होता. त्यात तीसेक कार्डं असतील. रोज सकाळी हीटर कमी केल्यावर त्या डबा उघडून सगळी कार्डं एकदा चाळत, कुठे काही धागा सापडतो का बघत. सगळ्यांत वरचं कार्ड मिस बेसीचं. त्याच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या मुख्य ग्रंथपालांनी ठरवलं की ही कार्डं कंप्युटरवर आणायची. सुहास म्हणाला, "अगं, मी बनवून देतो डेटाबेस, वीकेंडचं काम आहे." त्याने खरंच सुरेख बनवला. मी झपाट्याने कार्डं भरत सुटले. डब्यातल्या कार्डांपाशी अडले.

"सेव्हच होत नाहीये," मी सुहासला सांगितलं.

"लास्ट नेम मॅन्डेटरी आहे ना यार. ब्लँक ठेवलंस तर एररच येणार."

"पण आडनाव माहीतच नाहीये."

"मग काहीतरी टाक. ज्या फॅमिलीकडे होती त्यांचं टाक, नंतर एडिट कर."

आणि मी टाकलं. मला त्यात काही खटकलं नाही, हे इथे कबूल केलं पाहिजे. आपण जन्मभर तीन रकाने भरत आलेली माणसं. स्वतःचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, आडनाव. रकाना रिकामा दिसला की आपल्याला अस्वस्थ होतं. शिवाय लग्नानंतर मी स्वतः नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलून बसले होते. ज्या घरात बाई राहते त्या घराचं आडनाव तिला लागतं, याहून सरळ काय असणार? मिस बेसी गिरणीमालक हार्लन यांच्याकडे मोलकरीण होती असं कार्डावरच लिहिलं होतं. मी टाइप केलं, 'मिस बेसी हार्लन'. सेव्ह झालं. मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीत, काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, वाचनालयाने वरच्या दालनात प्रदर्शन मांडलं. फोटोंखालच्या चिठ्ठ्या थेट डेटाबेसमधून छापल्या होत्या. मधोमध मोठा केलेला एक जुना फोटो. हार्लनांच्या घराचा ओटा, खुर्च्यांवर ते कुटुंब, आणि कडेला पांढऱ्या एप्रनमधली एक उंच काळी बाई, कडेवर त्यांचं बाळ. खाली ठळक अक्षरांत, मिस बेसी हार्लन.

मिसेस टॉलिव्हर त्या चिठ्ठीसमोर उभ्या राहिल्या. मी मागे, कौतुकाची वाट बघत. निदान "वाईट नाही" तरी.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. म्हणजे कंप्युटर रिकामं घेत नव्हता, म्हणून तात्पुरतं..."

"मिसेस घाटे," त्या म्हणाल्या, आवाज अगदी चौकशी विभागातला, "आमच्या लोकांना मालकांची आडनावं कशी मिळाली, तुम्हाला माहीत आहे? तुम्ही तिला परत त्यांच्या घरी पाठवलंत." त्यांनी ती चिठ्ठी काढली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि काठी टेकत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना खिडकी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. मला आधी संताप आला. फुकटात राबायचं, वर ही बोलणी! चार दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी इंग्रजीत भांडले, आणि मनातलं माझं इंग्रजी फार उत्तम आहे. पण दुसरा आठवडा उजाडला तशी त्या थंड खोलीत हीटर वाढवायचीही हिंमत होईना. शनिवारी सुहासला म्हटलं, चल मला घेऊन.

मिसेस टॉलिव्हरनी घराच्या दाराची साखळी न काढता ते किलकिलं केलं. "तुमच्या मिस्टरांना गाडीतच बसू दे," असं म्हणून मला आत घेतलं. मी सवयीने बूट दारात काढले. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि गरम पाण्याचा कप हातात दिला. मी सगळी कार्डं दुरुस्त केल्याचं सांगितलं. सुहासने रिकामी ओळ चालेल असं करून दिलं होतं. मग त्यांनी मिस बेसीबद्दल सांगितलं.

त्यांची आई एकोणीस वर्षांची असताना दक्षिणेतून एकटी इथे आली तेव्हा स्टेशनवर बावरून बसली होती. मिस बेसी हार्लनांच्या कामासाठी तिथे आली होती. तिने तिला उठवलं, आपल्या ओळखीत खोली बघून दिली, काम लावून दिलं. पुढे दर रविवारी ती यांच्या घरी जेवायला असे. छोट्या टॉलिव्हरबाई तिच्या पायांशी बसायच्या आणि ती त्यांचे केस विंचरून वेण्या घालायची. या अकरा वर्षांच्या असताना ती गेली. पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा कळलं, तिचं आडनाव कोणालाच माहीत नाही. पाद्री नाव वाचता वाचता थांबला. पुढे वाचायला काही नव्हतंच. दगड हार्लनांनी बसवला. त्यावर कोरलं, 'बेसी, हार्लन कुटुंबाची विश्वासू नोकर'.

"माझी आई जाताना मला म्हणाली, बेसीची माणसं शोध. आपण तिचं मीठ खाल्लंय. एकतीस वर्षं मी जगाला आडनावावरून माणसं शोधून दिली, मिसेस घाटे. हिला शोधायला माझ्याकडे आडनाव नव्हतं." त्या थांबल्या. "हार्लनांनी विचारलं नाही हे मी समजू शकते. आम्ही नाही विचारलं."

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण होतं?"

"गयाबाई," मी म्हटलं. एकोणीस वर्षं आमच्याकडे होती, मला तिनेच मोठं केलं, वगैरे सगळं उत्साहाने सांगितलं.

"मिसेस गया कोण?"

मी खाली ठेवलेला कप परत उचलला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ, ती दिवा लावून बसलेली.

"आई, गयाबाईंचं आडनाव काय गं?"

"आता हे काय मधेच?"

"सांग ना. तुला माहीतच नाहीये ना?"

"माहीत नसायला काय झालं? मेश्राम. म्हणून तर कधी घेतलं नाही." आणि मग तिने जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. माझ्या जन्मानंतर आई आजारी पडली होती, घरात हाताला हात हवा होता. गयाबाई चांगली मिळाली, पण आजीचं सोवळं कडक. मेश्राम म्हटलं असतं तर आजीला जात कळली असती आणि गयाबाई अंगणाच्या अलीकडे आली नसती. तेव्हा आईने आजीला फक्त 'गयाबाई' एवढंच सांगितलं. आणि गयाबाईला सांगितलं, कोणी विचारलं तर आडनाव सांगायचं नाही. "एकोणीस वर्षं सासूबाई तिच्या हातच्या भाकरी खात होत्या," आई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मी काही वाईट केलं का गं?"

मला आईचा अभिमान वाटला, अगदी खरं सांगते. त्या काळात, त्या घरात, पंचविशीच्या बाईने एवढं धाडस केलं. सोमवारी मिसेस टॉलिव्हर कामावर परतल्या होत्या. बूट दिसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना ही गोष्ट एखाद्या पराक्रमासारखी सांगितली. जात म्हणजे काय ते आधी समजावलं. त्यांना समजायला फारसा वेळ लागला नाही.

"तुमची आई हुशार आहे," त्या म्हणाल्या. मी फुलले. "पण यात पकडलं गेलं असतं तर नोकरी कोणाची गेली असती?"

मी फडकं उचलून टेबल पुसायला लागले.

"तुम्ही बूट दारात काढता ना? तशी ती एकोणीस वर्षं नाव दारात काढून आत येत होती. घरी गेल्यावर तिला कोण काय म्हणायचं, तुम्हाला माहीत आहे?"

ते मला माहीत नव्हतं. गयाबाईला घर आहे, हेही मला लहानपणी नीटसं माहीत नव्हतं. मी खजील होऊन नवं कार्ड घेतलं आणि 'मेश्राम' लिहायला लागले, तर त्यांनी हात धरला. "बाईंनी स्वतः सांगितलं?" नाही, आईने. "मग पेन्सिलनेसुद्धा नाही." ते कार्ड रिकाम्या ओळीसकट पावाच्या डब्यात गेलं, मिस बेसीच्या खाली.

त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत एकही कार्ड लिहिलं नाही. सार्डिनचा डबा उघडला आणि तसाच ठेवला. मग एकदम, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही विचारलंच नाही असं मी आयुष्यभर धरून चालले. कदाचित आईने विचारलं असेल. कदाचित मिस बेसीनेच सांगितलं नसेल." त्या दिवसापासून डबा चाळताना त्यांचा हात मिस बेसीच्या कार्डावर पूर्वीसारखा घाईने फिरेनासा झाला. ते उचलत, बघत, खाली ठेवत.

ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांच्या घोळात मला दोन वर्षांहून जास्त काळ भारतात जाता आलं नाही. दर दोन-चार महिन्यांनी त्या विचारत, "मिसेस गया भेटल्या का?" मी म्हणायची, अजून नाही. मधल्या काळात त्यांचे गुडघे बिघडले. लिफ्ट होती, पण लिफ्टचा त्यांना राग. "मला माझ्या पायांनी खाली यायचंय," म्हणायच्या. बूट यायचे ते आता दहा वाजून दहा मिनिटांनी. मी हीटर आपणहून कमी करायला लागले.

दोन हजार सातच्या डिसेंबरात अखेर नागपूरला गेले. गयाबाई मुलाकडे, शहराच्या टोकाला दोन खोल्यांच्या पक्क्या घरात राहत होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. माझ्या गालावरून हात फिरवून झाल्यावर मी अडखळत विचारलं, पूर्ण नाव सांगाल का?

"कावून? आता कायले पाह्यजे तुले?"

मी तळघर, कार्डं, मिसेस टॉलिव्हर, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग हसल्या.

"तुह्या घरी मी बिनआडनावाची होती. तुह्या मायचा राग नाही मले, तिनं पोट भरलं माह्यं. पण संध्याकाळी घरी आली का नवऱ्याले म्हणो, पहिले आवाज दे मले, पुरा. तो ओट्यावरून मोठ्यानं म्हणे, गया दौलतराव मेश्राम! सारी वस्ती आयके. मंग मी चुलीपाशी बसो."

रोज? मी विचारलं.

"रोज. तो गेला तवापासून नातीले म्हणायले लावते. आन कार्ड, मी सोता लिवते." बचत गटात त्या सही शिकल्या होत्या. मी सोबत नेलेलं कोरं कार्ड गुडघ्यावर ठेवून त्यांनी एकेक अक्षर कोरलं. मी शेजारी बसून बघत होते आणि मला माझी लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम.

परत आले तेव्हा कळलं की मिसेस टॉलिव्हर चालल्या. जॉर्जियात मुलगा होता, तो म्हणत होता आता एकटं राहायचं नाही. ज्या दक्षिणेतून त्यांची आई पळून आली तिकडेच. "गुडघ्यांना थंडी मानवत नाही," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. ते कार्ड मी लगेच दाखवलं नाही. का कोण जाणे. दाखवलं की सगळं संपेल असं वाटत होतं.

जूनमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी मी ते टेबलावर ठेवलं आणि गयाबाईंचं बोलणं सांगितलं. नवरा, ओटा, सगळी वस्ती. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, तर त्या हसायला लागल्या. पोट धरून, खोलीभर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "पुरं नाव," त्या म्हणाल्या. "आधी पुरं नाव, मग चूल."

मग माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. आणि त्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवून, त्या कधी न पाहिलेल्या बाईला हाक मारावी तसं म्हणाल्या, "मिसेस मेश्राम." मला वाटतं गयाबाईंना उभ्या जन्मात कोणी मिसेस म्हटलं नसेल. कपाटात फक्त या गावातली माणसं लावायची हा त्यांचाच नियम. त्यांनी स्वतः उठून 'एम'चा खण उघडला आणि कार्ड लावलं.

नंतर डबा पुढे ओढला. मिस बेसीचं कार्ड काढलं. आणि पर्समधून पेन काढलं.

"सापडलं?" मी विचारलं.

"नाही." त्या आडनावाच्या ओळीवर शाईने लिहीत होत्या. "पण तिलाही कुठेतरी पुऱ्या नावाने हाक मारणारं कोणी असेल. आम्हाला सांगायचं नव्हतं तर नव्हतं. हार्लनांनी बाकीचं सगळं घेतलंच होतं."

त्यांनी कार्ड माझ्याकडे फिरवलं. आडनावाच्या ओळीवर लिहिलं होतं, 'तिचं तिच्याजवळ'.

"हे कुठे लावू?" मी विचारलं.

"तुम्ही ग्रंथपाल आहात, मिसेस घाटे. ठरवा." डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला, कोट हातावर घेतला, दाराशी थांबून हीटरकडे पाहिलं. जून महिना होता, तो बंदच होता. "वाईट नाही," असं म्हणून त्या गेल्या.

मी खुर्चीवर चढून खिडकीशी तोंड नेलं. काठी आली, मग ते बूट, लख्ख. मुलाच्या गाडीकडे जाता जाता मधेच थांबले. वळले. टोकं माझ्याकडे. ज्या गुडघ्यांनी त्यांना वर्षभर वाकू दिलं नव्हतं त्याच गुडघ्यांवर त्या वाकल्या, इतक्या की काठीवरचा हात आणि कोटाची कड दिसली, आणि काठीने काचेवर दोनदा ठोकलं. मी आतून दोनदा ठोकलं. मग जोरात हाक मारली, "मिसेस टॉलिव्हर!" आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की सहा वर्षांत मी त्यांचं पहिलं नाव कधी विचारलं नाही. पुरं नाव घेऊन हाक मारायची म्हटलं तरी ते माझ्याकडे नव्हतं.

बाहेरच्या उन्हातून तळघरातलं काही दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी हात हलवत राहिले, बूट खिडकीतून जाईपर्यंत आणि नंतरही.